चारशे रुपयांच्या शर्टावरून कोणी रडतं का?

"मॅडम, एवढ्याशा गोष्टीचं मला एवढं का लागतं?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तरुण मुलींचा हा ठरलेला प्रश्न आहे, फक्त ती एवढीशी गोष्ट दर वेळी वेगळी असते, कधी वाढदिवसाला फोन आला नाही, कधी स्टोरीत बाकीच्यांना टॅग केलं आणि हिला नाही. ह्या वेळी थ्रिफ्टिंग होतं. (तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय.)

मुलगी नेरुळची, पंचविशीतली. कॉलेजची जिवलग मैत्रीण ठाण्यात, पण नोकऱ्या लागल्यापासून भेटणं जवळजवळ बंदच. मैत्रिणीने इन्स्टावर बघून मेसेज टाकला की नौपाड्यात एका हॉलमध्ये थ्रिफ्ट सेल लागलाय, म्हणजे वापरलेले नाहीतर एक्स्पोर्टचे उरलेले कपडे, स्वस्तात, रविवारी येतेस का. ही लगेच हो म्हणाली. आता रविवारी नेमका ट्रान्स हार्बर लोकलला मेगाब्लॉक, त्यामुळे बस, मग रिक्षा असं करत घामाघूम होऊन पोचली, तर मैत्रीण आधीच आत जाऊन रॅक उपसत होती.

हॉलमध्ये डांबरगोळ्यांचा वास, पंखे नावाला, ट्रायल रूम नाही, जे काय ते अंगातल्या कुर्त्यावरूनच चढवून बघायचं. हिने एक ट्राउझर घेतली, ती मांड्यांच्या वर सरकेना. मैत्रीण हसून म्हणाली, "अगं ठेव ते, तुझ्या मापाचं नाहीये," आणि ऑफिसमधल्या कोणालातरी व्हिडिओ कॉलवर जॅकेट दाखवायला लागली. नंतर मामलेदारची मिसळ खायचं ठरलं होतं, पण "मला उशीर होतोय गं, नेक्स्ट टाइम नक्की" म्हणून ती रिक्षात बसून गेलीसुद्धा. हिने उगाच काहीतरी घ्यायचं म्हणून चारशेचा शर्ट घेतला होता, घरी ट्यूबलाइटखाली बघते तर काखेत पिवळे डाग. वर आईचं, "लोक बोहारणीला देतात ते कपडे तू पैसे देऊन आणलेस?"

मग बाथरूमचं दार लावून रडली. आणि रडल्याची पुन्हा वेगळी लाज.

आईचं वाक्य ऐकून मला हसू आवरेना, तीही हसली, ते एक बरं झालं. मग आम्ही त्या दिवसाचा गठ्ठा सोडून बसलो. ट्राउझरचं लवकर निपटलं. एक्स्पोर्टच्या मालावरचे नंबर वेगवेगळ्या देशांचे असतात, ब्रिटनचा 10 म्हणजे साधारण अमेरिकेचा 6, त्यात जुना कपडा धुऊन आटलेला असू शकतो, तेव्हा त्या आकड्यावरून स्वतःच्या कंबरेला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. शर्टाचं तर त्याहून सोपं, पुढच्या वेळी दारापाशी उजेडात नेऊन काख, कॉलर बघून घे. हे दोन्ही तिला पटलं. तरी चेहरा तसाच.

मग मी विचारलं, निघताना घरून काय ठरवून निघाली होतीस? कपड्यांचं सोड.

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, तिचं ऑफिसचं काँट्रॅक्ट संपतंय, रिन्यू होणार नाहीये, घरी अजून सांगितलेलं नाही, ते मैत्रिणीला सांगायचं होतं. "मग सांगितलंस?" "नाही. पण माझा चेहरा बघून तिला कळायला नको का?"

इथे खरी गाठ होती. एक बाई जॅकेट घ्यायला आली होती आणि दुसरी मन मोकळं करायला, आणि हे दुसरीने पहिलीला सांगितलंच नव्हतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली आणि आपल्याकडेही बरीच वापरली जाणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आरईबीटी, ह्यावरच बोट ठेवते: तिने विचारलं तर बरं होईल ही इच्छा झाली, तिने विचारलंच पाहिजे हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही की माणूस खट्टू होतो, हट्ट पुरा झाला नाही की "म्हणजे मी तिच्या लेखी कोणीच नाही" इथपर्यंत जातो. ही एका रात्रीत तिथे पोचली होती. मैत्रिणीचं वागणं घाईचं होतं, जरा बेफिकीरही होतं, ते मी नाकारत नाही, पण त्यावरून मैत्री संपली हा निकाल हिने एकटीनेच लावला होता.

तिने मैत्रिणीसाठी मेसेज लिहून ठेवला होता, भलामोठा, "तू नेहमीच अशी करतेस" पासून सुरू. आम्ही तो कापत कापत एवढा ठेवला: "रविवारी तुझ्याशी बोलायचं होतं, राहून गेलं. माझा जॉब जातोय. ह्या आठवड्यात अर्धा तास भेटशील? शॉपिंग नको. आणि मापावरून हसलीस ते लागलं मला." शेवटचं वाक्य काढायला ती तयार होती, मीच ठेवायला लावलं.

उत्तर आलं, "अगं मग तेव्हाच बोलायचं ना, मला वाटलं तूच माझ्यावर वैतागलीयेस, म्हणून मी कटले." दोघी तलावपाळीला भेटल्या. मैत्रीण पुन्हा उशिरा आली, मापाबद्दल सॉरी म्हणाली, तिच्या ओळखीत दोन ठिकाणी सीव्ही पाठवला. कॉलेजसारखं आता राहिलेलं नाही हेही हिच्या लक्षात आलं, त्याचं थोडं वाईट वाटतंच.

हे वाचून "माझंही सेम आहे" असं वाटणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रडू, झोप न लागणं, जेवण न जाणं हे दोन आठवड्यांवर चाललं असेल तर मैत्रिणीचं नंतर बघू, आधी कोणालातरी दाखवा, टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. आणि लागलं म्हणून स्पष्ट सांगूनही एखादी दर वेळी तुमच्या अंगावरूनच विनोद करत असेल, तर मेसेज कितीही नीट लिहून काही व्हायचं नाही. तिच्यासोबत कपडे घ्यायला जाऊ नका. चहाला जा, तेही तुम्हाला जावंसं वाटलं तर.