समुद्रमंथन बाटलीभोवती गुंडाळताना

कोकम सरबताच्या लेबलवर समुद्रमंथन काढायचं ठरवलंस, छानच! पण तुझा आराखडा सपाट कागदाचा आहे आणि बाटली गोल. ६५ मिमी व्यासाच्या बाटलीचा घेर साधारण २०४ मिमी. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा एका नजरेत नीट दिसतो. म्हणून सगळं समोर कोंबू नकोस. बाटलीलाच मंदार पर्वत मान. वासुकी तिच्याभोवती गुंडाळ, मुखाकडे असुर, शेपटीकडे देव, तळाशी कूर्म. हातात बाटली फिरली की मंथन सुरू.

देवांचे चेहरे मात्र टाळ, वासुकीला ओढणारे हात पुरे. रिकामी बाटली शेवटी कचऱ्यात जाते, आणि तिथे पडलेला देवाचा चेहरा मला बघवत नाही. हलाहलही नको, पेयावर विष कशाला?

रेषेसाठी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ये, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, डोळे भरून बघ. तीच शैली हवी असेल तर नक्कल करू नकोस. तिथल्याच चित्रकाराला काम दे, योग्य मोबदला दे आणि लेबलवर नाव छाप.

माझं पहिलं लेबल साध्या कागदाचं होतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी सुटलं आणि दहा मिनिटांत कडा उचलल्या. तेव्हापासून प्लास्टिक फिल्मच वापरतो, आणि नमुना रात्रभर बर्फाच्या पाण्यात ठेवून बघतो.

घटक, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक, हिरवा ठिपका यांची जागा चित्राआधी आख. बारकोडच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठेव. उभ्या रेघा गोलाईवर स्कॅन होताना त्रास देतात.