साय नको, पण दूध किती?

आहारविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदरासाठी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रथिने आणि दूध यांच्याविषयीच होती. त्यांतील तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील हिशेब पुष्कळांच्या उपयोगाचा असल्यामुळे त्याचे उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी ४६ वर्षांचा असून इंदूरमध्ये सुदामानगरात राहतो. नोकरी बैठी आहे. उंची ५ फूट ६ इंच आणि वजन ८२ किलो. पाच महिन्यांपासून नियमित व्यायामशाळेत जातो. तेथील प्रशिक्षकांनी किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १६४ ग्रॅम प्रथिने घेण्यास सांगितले आहे. आम्ही अंडीही खात नाही. त्यामुळे दिवसाला दीड लिटर स्किम दूध, अर्धा किलो त्याच दुधाचे दही आणि २०० ग्रॅम लो-फॅट पनीर असा क्रम ठेवला आहे. दूध सकाळी आणि रात्री अशा दोनच वेळी पितो. वजन तीन किलो उतरले, परंतु पोट फुगते आणि शौचास खडा होतो. आमच्या सौ. म्हणतात की घरात आता स्वयंपाकापेक्षा विरजणच अधिक लागते. स्निग्धांश नसलेले दूध कितीही घेतले तरी चालते, असे ऐकले होते. ते खरे आहे काय?

उत्तर : ते खरे नाही. मात्र आपली निवड चुकलेली नाही, प्रमाण तेवढे चुकले आहे. साय काढल्याने दुधातील प्रथिने वाढतात अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक १०० मिलिलिटर स्किम दुधात सुमारे ३.४ ग्रॅम प्रथिने असतात आणि सायीसकट दुधातही ती जवळपास तेवढीच असतात. म्हशीच्या दुधात तर किंचित अधिकच. फरक पडतो तो उष्मांकांत. अन्नसुरक्षा नियमांनुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के आणि स्किम दुधात जास्तीत जास्त ०.५ टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे फुल क्रीमच्या एका लिटरमधील ६० ग्रॅम चरबीच ५४० उष्मांक देते, तर स्किम दुधाच्या संपूर्ण लिटरमध्ये सुमारे ३५० उष्मांक असतात. वजन उतरवायचे असेल तेव्हा ही बचत मोलाची ठरते, आणि स्किम दुधाचा उपयोग एवढ्यापुरताच आहे.

आता प्रथिनांचे उद्दिष्ट पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण सुचवले आहे. वजने उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांना त्याहून अधिक लागते, यात वाद नाही. परंतु अशा व्यायामावरील अनेक प्रयोगांचे जे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यास स्नायूंत सरासरीने आणखी भर पडलेली दिसली नाही. शिवाय हा गुणाकार आपल्या आजच्या ८२ किलोंशी करण्याचे कारण नाही, कारण शरीरात साठलेल्या चरबीला प्रथिनांची तेवढी गरज नसते. आपल्या उंचीला ६५ ते ६८ किलो वजन योग्य ठरते. ते धरून किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम घेतल्यास दिवसाला साधारण ८० ते १०५ ग्रॅम होतात. प्रशिक्षकांनी सांगितलेला आकडा याच्या दीडपटीहूनही मोठा आहे. त्यांचा हेतू चांगला असला, तरी हा आकडा जसाच्या तसा स्वीकारू नये.

आपल्या सध्याच्या क्रमाचा हिशेब मी मांडून पाहिला. दीड लिटर दुधातून ५१ ग्रॅम, अर्धा किलो दह्यातून १८ ते २० ग्रॅम आणि पनीरमधून ४० ग्रॅमच्या आसपास, अशी ११० ग्रॅम प्रथिने केवळ दुधातून होतात. पोळी, वरण, भाजी यांची प्रथिने अजून धरलेलीच नाहीत, आणि आपले उद्दिष्ट मात्र येथेच ओलांडले गेले आहे. २०० ग्रॅम लो-फॅट पनीर करण्यास लिटरभराहून बरेच अधिक दूध लागते, हे लक्षात घेतले तर आपण दिवसाला तीन लिटरांहून अधिक दुधाचा ऐवज पोटात घालत आहात. परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० उष्मांकांच्या संतुलित ताटासाठी ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरले आहे. आपण त्याच्या दुप्पट घेतले असते तर मी काहीच म्हटले नसते, पण हे प्रमाण दसपट आहे.

याचा पहिला परिणाम आपण स्वतःच लिहिला आहे. दुधात सुमारे ५ टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, असते. साय काढल्याने ती कमी होत नाही. दीड लिटरमध्ये ती ७५ ग्रॅम होते आणि दूध दोनच वेळी घेतल्याने एका वेळी ३५ ग्रॅमहून अधिक लॅक्टोज आतड्यात जाते. भारतात पुष्कळ प्रौढांमध्ये ते पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) अल्प असते. अशांनाही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक कप दुधाइतके लॅक्टोज बहुधा सोसते. त्यापुढचे न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून वायू होऊन पोट फुगते. दह्यातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खातात आणि उरलेले पचवण्यासही साहाय्य करतात, म्हणून दूध बाधणाऱ्यांना दही सहसा बाधत नाही. खडा होण्याचे कारण त्याहून सरळ आहे. दूध, दही आणि पनीर यांत चोथा अजिबात नाही, आणि त्यांनी पोट भरल्यामुळे ज्यांत चोथा असतो ती उसळ, कोशिंबीर, फळे आणि पालेभाजी ताटातून आपोआप मागे सरतात.

दुसरा परिणाम कॅल्शियमचा. आपल्याला दिवसाला १००० मिलिग्रॅम पुरतात आणि वरची मर्यादा २५०० मिलिग्रॅम मानली जाते. दूध आणि दही यांतूनच आपले सुमारे २४०० होतात. त्यात पनीरचे मिळवले की मर्यादा ओलांडली जाते, आणि वर कोणी कॅल्शियमची गोळी सुरू करून दिली असेल तर विचारायलाच नको. शिवाय दुधात लोह नाममात्रच असते, आणि जेवणासोबत घेतलेले कॅल्शियम अन्नातील लोहाच्या शोषणात काही प्रमाणात अडथळा आणते. आपल्यासारख्या शुद्ध शाकाहारी घरात लोह डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतूनच यायचे असल्यामुळे हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे : ब-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारी माणसाला दुधातूनच मिळते, त्यामुळे हे सारे वाचून दूध बंद करण्याचा विचार करू नये.

तेव्हा प्रमाण किती ठेवावे? माझे मत असे आहे की एकूण प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक दुधातून घेऊ नयेत. आपल्याबाबतीत ते अर्धा लिटर स्किम दूध, एक मोठी वाटी, म्हणजे २५० ग्रॅम दही आणि १०० ग्रॅम लो-फॅट पनीर एवढे होते. यातून ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतील आणि कॅल्शियमही मर्यादेच्या पुष्कळ आत राहील. उरलेली निम्मी प्रथिने आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५ ग्रॅम, ६० ग्रॅम कच्च्या डाळीत १३ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांत ८ ग्रॅम आणि सहा पोळ्यांच्या कणकेत १८ ते १९ ग्रॅम प्रथिने असतात. बेरीज शंभराच्या घरात जाते. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असते ते गव्हात पुरेसे असते आणि गव्हातील लायसिन या अमिनो आम्लाची उणीव डाळ भरून काढते. म्हणून वरण-पोळीला कमी प्रतीचे प्रथिन म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. प्रथिने तीन-चार जेवणांत विभागून घ्यावीत. एका वेळी २५ ते ३० ग्रॅम हे सोयीचे माप आहे आणि दूधही एका वेळी कपभरच घ्यावे.

न्याहारीविषयी एक वेगळी सूचना. इंदूरला सकाळ पोह्यांवाचून उजाडत नाही, आणि ते बंद करा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र बशीभर पोह्यांत पाच-सहा ग्रॅमच प्रथिने असतात आणि वरची शेव व सोबतची जिलेबी त्यांत फारशी भर घालत नाहीत. पोह्यांत मोड आलेले मूग मिसळावेत आणि जिलेबीच्या जागी दह्याची वाटी घ्यावी. इंदूरच्या सराफा बाजारातील शिकंजीत दूध असते हे खरे, पण ती प्रथिनांच्या खात्यात लिहू नये. ते पक्वान्न आहे आणि पक्वान्न म्हणूनच कधीतरी घ्यावे.

पनीरऐवजी कधी चक्का करून पाहावा. स्किम दुधाचे दही रात्रभर फडक्यात टांगले की दुधातील ८० टक्के प्रथिन, म्हणजे केसीन, बहुतेक सर्व चक्क्यात राहते आणि लॅक्टोजचा मोठा भाग पाण्याबरोबर गळून जातो. आपल्या पोटाला हे अधिक मानवेल. खाली जमलेल्या पाण्यातही काही प्रथिने असतात, म्हणून ते ओतून न देता त्यात कणीक भिजवावी. बाजारातील स्निग्धांशविरहित गोड दही घेताना मात्र वेष्टणावरील साखरेचा आकडा आधी पाहावा, कारण चरबी काढल्याने गेलेली चव बहुधा साखरेने भरून काढलेली असते. डेअरीवरून सुटे आणलेले म्हशीचे दूध तापवून, साय काढून आपण स्किम म्हणून वापरत असाल, तर त्यात दीड-दोन टक्के किंवा त्याहूनही अधिक स्निग्धांश उरतो, हेही ध्यानात ठेवावे. सायीबरोबर अ आणि ड ही जीवनसत्त्वेही जातात. त्यासाठी निळे ‘+एफ’ चिन्ह असलेली, ही जीवनसत्त्वे मिसळलेली पिशवी घेणे बरे.

शेवटचा मुद्दा, पण तो टाळू नये. आपल्या पत्रात मधुमेह किंवा रक्तदाब यांचा उल्लेख नाही. यांपैकी काही असल्यास, किंवा मूत्रपिंडाची तक्रार असल्यास, वरचा सारा हिशेब बाजूला ठेवावा. दुर्बल मूत्रपिंडांना अधिक प्रथिने आणि दुधातील फॉस्फरस दोन्ही जड जातात. तक्रार नसली तरी या वयात मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी आणि लघवीतील प्रथिनांची चाचणी एकदा करून घ्यावी, आणि नंतरच प्रथिने वाढवावीत.

प्रश्न : आमच्याकडे आता सर्वांसाठी स्किम दूधच येते. सव्वा वर्षाच्या नातीला तेच दिले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत बाळाच्या वाढीला आणि मेंदूला दुधातील स्निग्धांशाची गरज असते. तिच्यासाठी सायीसकट दुधाची पिशवी वेगळी आणावी. मात्र तेही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेवावे, नाहीतर ती जेवणार नाही.

प्रश्न : मी ६८ वर्षांची असून रामबागेत राहते. वजन ४७ किलो आहे. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाल्यापासून मुलाने प्रथिने वाढवण्यासाठी स्किम दूध सुरू केले. मला ते पाण्यासारखे लागते आणि अर्धे तसेच राहते. थायरॉइडची गोळी सकाळी दुधाच्या चहाबरोबर घेते.

उत्तर : आजी, आपल्याला स्किम दुधाची आवश्यकता नाही. ते वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी आहे आणि आपले वजन आणखी घटता कामा नये. चिरंजीवांची काळजी योग्य आहे, कारण वृद्धापकाळी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे आपल्याला ५० ते ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. पण जे दूध अर्धे टाकले जाते त्याचा हाडांना काय उपयोग? साधे टोन्ड दूध दोन कप, दुपारी घट्ट दही आणि संध्याकाळी मऊ पनीर किंवा धिरडे, असे जे आवडीने खाल्ले जाईल ते घ्यावे. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी काही बंधन घातले असेल, तर तेवढे त्यांना विचारून घ्यावे.

गोळीची वेळ मात्र उद्यापासूनच बदला. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. दुधातील कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची गोळी चालू असल्यास दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे, म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर घ्यावी. गोळीची वेळ बदलल्याचे डॉक्टरांना सांगावे आणि दीड-दोन महिन्यांनी थायरॉइडची तपासणी पुन्हा करून घ्यावी. शोषण सुधारल्यावर आजचे प्रमाण आपल्याला जास्त होण्याचा संभव आहे.