लंडनमधला डिकन्स-वॉक घ्यावा का? घ्यावा, पण बरो भागातला

तुमचा प्रश्न असा: मुलीकडे लंडनला जातोय, इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स शाळेतल्या धड्यापलीकडे वाचलेला नाही, तर त्याच्या नावाने गाईड जी पायी फेरी काढतात तिचे पैसे वसूल होतील का?

होतील. फक्त फेरी थेम्सच्या दक्षिणेची, सदर्कमधल्या बरो भागातली निवडा. डाउटी स्ट्रीटवरचं त्याचं घर आता संग्रहालय आहे आणि छानच आहे, पण तिथे भेटतो तो नाव मिळायला लागलेला लेखक. बरोमध्ये भेटतो बारा वर्षांचा मुलगा.

1824 साली एका बेकरीवाल्याचे चाळीस पौंड दहा शिलिंग थकले म्हणून त्याच्या वडिलांना मार्शलसी या कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं. पुढे आई आणि धाकटी भावंडंही तिथेच राहायला गेली. चार्ल्स बाहेर राहिला, कारण त्याला त्याआधीच नदीपलीकडच्या बूट पॉलिशच्या कारखान्यात कामाला लावलं होतं. बरण्यांवर कागद बांधायचा, लेबल चिकटवायचं, आठवड्याला सहा शिलिंग. लँट स्ट्रीटवर माळ्यावरची एक खोली त्याला भाड्याने घेऊन दिली. सकाळी तुरुंगात जाऊन घरच्यांबरोबर न्याहारी, मग ब्लॅकफ्रायर्स पुलावरून कामाला, रात्रीचं जेवण परत तुरुंगात. फेरीत तुम्ही चालता ते साधारण याच गल्ल्यांतून.

बघायला फार उरलेलं नाही, हे आधीच सांगतो. मार्शलसी 1842 मध्ये बंद झाला. एंजल प्लेस नावाच्या बोळात त्याची विटांची एक उंच भिंत आहे, बस. पण त्या भिंतीपाशी चांगला गाईड बॉब फेगिनची गोष्ट सांगतो. कारखान्यातला हा थोराड मुलगा. एकदा चार्ल्सच्या पोटात जोराची कळ आली, तर हा त्याला घरापर्यंत सोडायला निघाला. घर म्हणजे तुरुंग, ते कळू द्यायचं नव्हतं. म्हणून सदर्क पुलाजवळ एका भलत्याच घराच्या पायरीवर चार्ल्सने त्याचा निरोप घेतला, आणि तो मागे वळून बघेल या भीतीने दारही वाजवलं. दार उघडलं तेव्हा विचारलं, ‘रॉबर्ट फेगिन इथेच राहतात का?’ इतक्या मायेने वागणाऱ्या पोराचं आडनाव त्याने पुढे ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या खिसेकापूंच्या म्होरक्याला दिलं. का दिलं, यावर गाईडला जरूर छेडा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

हे सगळं त्याने जन्मभर झाकून ठेवलं. 1870 मध्ये तो गेला आणि मित्र जॉन फॉर्स्टरने चरित्र छापलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं. आज त्याच वस्तीत लिटल डॉरिट कोर्ट, कॉपरफील्ड स्ट्रीट, क्विल्प स्ट्रीट, पिकविक स्ट्रीट अशा त्याच्याच पात्रांच्या नावाच्या पाट्या आहेत, लँट स्ट्रीटवर त्याच्या नावाची प्राथमिक शाळा आहे. ज्या वस्तीची त्याला लाज वाटायची, तीच त्याला कौतुकाने मिरवते. माझ्या मते पैसे वसूल होतात ते या विसंगतीसाठी.

शेजारच्या सेंट जॉर्ज द मार्टर चर्चमध्ये त्याच्या ‘लिटल डॉरिट’ कादंबरीची नायिका, म्हणजे लिटल डॉरिटच, एक रात्र झोपते, मृतांची नोंदवही उशाला घेऊन, आणि लग्नही तिथेच लावते. तिथल्या पूर्वेच्या रंगीत काचेत खाली एका कोपऱ्यात ती गुडघे टेकून बसलेली दिसते. चर्च उघडं नसेल तर हे हुकतं, म्हणून पैसे भरण्याआधी आत नेणार का ते विचारून घ्या. जॉर्ज इन ही सज्जे असलेली जुनी खानावळ सगळेच दाखवतात. इमारत देखणी आहे, पण तिथे वेळ बराच जातो.

उंच टोपी घालून नकला करणारे गाईड मला स्वतःला झेपत नाहीत. नातवंडं बरोबर असतील तर चालतील.

वाचून जायचंच असेल तर जाडजूड कादंबरी घेऊन बसू नका. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’चं अकरावं प्रकरण पुरेल, कारखाना आणि कर्जबाजारी वडील, दोन्ही नावं बदलून त्यात आहेत. आणि शनिवार टाळा. बरो मार्केट अगदी लागून आहे, त्या गर्दीत गाईडचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही.