घर आमचं, जमीन भाटकाराची

प्रश्न : ताई, मी फोंडा तालुक्यातली. बीएस्सी चांगल्या गुणांनी झाले. पुढच्या शिक्षणासाठी १२ लाखांचं कर्ज हवं होतं, बँकेने तारण मागितलं. घर आमचं, पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. आजोबांची मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा म्हणून, नोंद झालेली आहे. गुणांत माझ्या मागे असलेली मैत्रीण बेंगळुरूला गेली. ती म्हणते, ‘जिद्द असली की वाट सापडते.’ मी कुठे कमी पडले? भाटकारीणबाईंना भेटावं का?

उत्तर : बाय, मैत्रिणीला एवढंच विचार, तिच्या वडिलांनी बँकेत कुठला कागद ठेवला? तिची जिद्द मी नाकारत नाही. पण बँक जिद्द तारण घेत नाही.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायचे. हजेरीपटावर सगळी मुलं सारखी. चतुर्थी जवळ आली की मात्र ठरावीक मुलं गैरहजर. भाटकाराकडे माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्याचं) सामान पोचवायचं, खळं सारवायचं, नारळ पाडणारा पाडेली माडावर चढला की खाली नारळ गोळा करायचे. आईबाप नाही म्हणणार कसे? राहतं घर त्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत. प्रगतिपुस्तकात शेरा यायचा : ‘अभ्यासात लक्ष नाही.’

१९६१ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या. ज्यांच्या घरात कधी पाटी नव्हती ती मुलं शिकली, मास्तर झाली, कारकून झाली. माझं घर त्यांतलंच. पण शिक्षण एका पिढीत मिळालं, तशी जमीन मिळाली नाही. कुळांसाठी १९६४ चा कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला शेताची मालकी दिली. मुंडकारांसाठी १९७५ चा कायदा. त्याने घरातून हुसकावणं थांबवलं आणि घर, भोवतालच्या जागेसकट, विकत घ्यायचा हक्क दिला. हक्क दिला; मालकी आपोआप झाली नाही.

तुमचं घोडं इथेच अडलंय. नोंदणी झाली म्हणजे घर नावावर झालं, असं समजून कित्येक घरं गप्प बसली. खरेदीचा अर्ज मामलेदाराकडे वेगळा करावा लागतो. मग तारखा. भाटकाराचे वारस कोणी मुंबईत, कोणी पोर्तुगालात. नोटिसा पोचता पोचत नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाची प्रत्येक तारखेला मजुरी बुडते, वकिलाची फी वेगळी. भाटकाराला उशिराने काहीच तोशीस नसते. तुझे गुण यात कुठे आले, सांग?

आता कामाचं. नोंदणीची प्रमाणित प्रत काढा आणि खरेदीचा अर्ज घाला. आत्यांशी आधी बोला, गोव्यात वारसाहक्कात मुलींचाही वाटा असतो. (आत्या सहीला येतात, वाट्याचं नाव कोणी काढत नाही, हे वेगळं.) पण तुझं शिक्षण या फाईलवर टांगून ठेवू नकोस. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे. दोन्हीकडे चौकशी कर.

भाटकारीणबाईंना जरूर भेटा. बाई समजूतदार असल्या तर सामोपचाराने काम लवकर होईल. फक्त नोंदणीची प्रत हातात असू दे, आणि बाबांना सांग, सोप्यावर खाली बसून नाही, खुर्चीवर बसून बोला.