नववीतली मुलगी, फुटबॉल आणि पुढची वाट

स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून आपण पाठविलेले पत्र मिळाले. आपल्या घरी फुटबॉल नवा नाही. मुलीचे वडील स्वतः पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून अनेक वर्षे शाहू स्टेडियमवर खेळले आहेत, आणि तेच आता नववीतल्या लेकीला "मैदान पुरे, दहावीकडे बघ" असे सांगत आहेत. लेकीने मात्र उघड्या बसमधून मिरवणूक निघालेल्या बांगलादेशच्या महिला संघाचे छायाचित्र कपाटाच्या दारावर चिकटविले आहे. पुढच्या महिन्यात आंतरजिल्हा स्पर्धेसाठी जिल्हा संघाची निवड चाचणी आहे आणि नेमकी त्याच सकाळी शिकवणीची सराव परीक्षा आली आहे. दक्षिण आशियाची स्पर्धा जिंकूनही या मुलींच्या हाती काय लागते आणि आपल्या मुलीला त्या वाटेने जाऊ द्यावे का, असे आपण विचारले आहे.

चाचणीचे उत्तर आधी देतो. तिला जरूर पाठवावे. सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका दुसऱ्या दिवशी घरी घड्याळ लावून सोडविता येते. निवड चाचणी मात्र तिच्यासाठी पुन्हा घेतली जाणार नाही.

त्या छायाचित्रामागची हकीकत तिच्या वडिलांनीही ऐकावी, असे मला वाटते. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, पाकिस्तान आणि मालदीव या सात देशांच्या दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे ‘सॅफ’ची, महिला अजिंक्यपद स्पर्धा 2010 मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे सुरू झाली आणि 2019 पर्यंतची पाचही विजेतेपदे भारताने मिळविली. 2022 मध्ये काठमांडू येथे बांगलादेशाने साखळी सामन्यात भारताला 3-0 असे हरविले, अंतिम सामन्यात नेपाळला 3-1 असे नमविले, आणि 2024 मध्ये त्याच शहरात नेपाळवरच 2-1 अशी मात करून अजिंक्यपद राखले. दोन्ही वेळा भारत उपांत्य फेरीत नेपाळकडून पराभूत झाला.

हे यश एका वर्षात आलेले नाही. बांगलादेशात 2011 पासून प्राथमिक शाळांतील मुलींची देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंग जिल्ह्यातील कलसिंदूर या खेड्यातील सरकारी प्राथमिक शाळेच्या मुली त्या स्पर्धेत चमकल्या आणि त्यांच्यातूनच मारिया मांडा, संजिदा अख्तर यांच्यासारख्या खेळाडू राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचल्या. निवडक मुलींना पुढे ढाक्यात वर्षानुवर्षे एकत्र ठेवून त्यांच्याकडून सराव करून घेतला गेला. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की प्राथमिक शाळेत पायाशी आलेला चेंडू त्या मुलींनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी सोडला नाही, आणि त्यांच्या घरच्यांनी तो सोडायला लावला नाही.

आपल्याकडे तो नेमका याच वयात सुटतो. कोल्हापुरात चांगला खेळणाऱ्या मुलाला दहावीनंतर तालीम हाक मारते, त्याला मोठ्यांबरोबर सामने मिळतात, सगळी पेठ त्याचे नाव घेऊ लागते. मुलीला तशी हाक कोणी मारत नाही. शाळेचा संघ संपला की तिचा खेळ संपतो, आणि मग आपण म्हणतो की मुलींना आवड टिकवता येत नाही. म्हणून तिच्या कौशल्याची चर्चा करण्याआधी मी आपणास एकच आकडा काढायला सांगेन : गेल्या वर्षभरात तिने सराव सोडून प्रत्यक्ष सामने किती खेळले? पाच-सात असतील, तर तिची खरी उणीव तीच आहे. शालेय स्पर्धा, सुब्रोतो चषक या देशव्यापी शालेय फुटबॉल स्पर्धेतला मुलींचा गट, जिल्हा संघ आणि पहाटे गांधी मैदानावर मुलांबरोबर लावलेले सामने मिळून हा आकडा वर्षाला पंचवीसच्या पुढे न्यावा. या कामात तिच्या वडिलांइतका उपयोगी माणूस दुसरा नाही, कारण त्यांची शहरातल्या प्रत्येक मैदानावर ओळख आहे.

"खेळाने मला काय दिले?" हा तिच्या वडिलांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिकच उत्तर द्यायला हवे. ते खेळत होते तेव्हा महिलांसाठी राष्ट्रीय लीग नव्हती. इंडियन विमेन्स लीग 2016-17 मध्ये सुरू झाली. 2023 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या लीगमधील संघांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचा करार द्यावा, असे ठरविले. सॅफ स्पर्धेतून नाव झालेल्या बांगलादेशाच्या सबिना खातून आणि संजिदा अख्तर 2024 मध्ये याच लीगमध्ये खेळल्या. नेपाळची सबित्रा भंडारी भारतातील क्लबांकडून गोलांचा पाऊस पाडून पुढे फ्रान्सच्या क्लबपर्यंत पोहोचली. म्हणजे या स्पर्धेमुळे खेळाडूवर शेजारच्या देशांची नजर पडते आणि तिला काम मिळते. परंतु अशा जागा थोड्या आहेत आणि कारकीर्द गुडघ्याच्या एका दुखापतीने थांबू शकते, म्हणून केवळ क्लबच्या करारावर संसाराची मांडणी करण्याचा सल्ला मी देणार नाही.

खरा आधार या वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या इतर कामांचा आहे. रेल्वे आणि पोलीस दलांच्या महिला फुटबॉल संघांतून खेळाडूंना नोकरी मिळालेली आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र त्यासाठी ठरावीक स्तरावरील कामगिरी लागते आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. प्रशिक्षकाचा पहिला परवाना अठराव्या वर्षानंतर घेता येतो. आपल्याच गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळच्या अंजू तुरंबेकर खेळाडू म्हणून सुरुवात करून आशियाई फुटबॉल महासंघाच्या ‘ए’ प्रशिक्षक परवान्यापर्यंत गेल्या आहेत, हे मुलीला आवर्जून सांगावे. पंच, क्रीडा शिक्षिका, भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) ही कामेही याच मैदानातून निघतात. भौतिकोपचाराचा विचार असेल तर अकरावीला जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घ्यावी लागेल, एवढे मात्र आताच ध्यानात ठेवावे.

येथे एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी एक खेळाडू मुलगी भरतीच्या अर्जासाठी माझ्याकडे आली होती. तिची सगळी प्रमाणपत्रे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली होती, पावसाच्या ओलीने त्यांतल्या दोन प्रमाणपत्रांवरची शाई पसरली होती आणि सर्वांत मोलाच्या प्रमाणपत्रावरील नावात आडनावच चुकलेले होते. ती दुरुस्ती मुदतीत झाली नाही. तेव्हापासून प्रत्येक खेळाडूच्या पालकांना मी सांगतो, की प्रमाणपत्र हातात पडताच त्याच जागी नाव, जन्मतारीख, सही आणि शिक्का तपासावा, आणि दहावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेकडून वेळेत गेला की नाही, हे स्वतः जाऊन विचारावे.

अभ्यासाबद्दल माझे मत ठाम आहे. शाळा सोडून खेळ नको आणि दहावीसाठी खेळ बंदही नको. परीक्षेआधीचे दोन महिने सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणावा. सतराव्या वर्षापर्यंत ती राज्य संघाच्या निवडीजवळ पोहोचली तर पुढचा विचार मोठ्या अकादमीचा करू. नाही पोहोचली तरी तोवर तिच्याकडे चांगले गुण, प्रमाणपत्रे आणि खेळाची समज असेल, आणि त्यावर प्रशिक्षण किंवा शिक्षण क्षेत्रातील पुढची पायरी नीट आखता येईल.

मुलींमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. ‘फिफा 11+’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम सरावाआधी नियमित केला, तर दुखापती कमी होतात, असे आढळले आहे. पहाटेच्या घाईत तो टाळू देऊ नये. आपण लिहिले आहे, की ती भावाचे जुने बूट पुढे कापूस कोंबून घालते. तिच्या मापाचे बूट या आठवड्यातच घ्यावेत, वडिलांनीच तिला दुकानात न्यावे, आणि चाचणीआधी निदान आठ दिवस ते सरावात वापरायला द्यावेत. कोरे बूट चाचणीच्या दिवशी पायाला फोड आणतात.