एप्रिलमधलं पोर्तुगाल आणि वडिलांचा खांदा

प्रश्न : माझं वय 61, यजमानांचं 66. दोघेही निवृत्त. एप्रिलमध्ये बारा दिवस पोर्तुगालला जायचं मनात आहे. टूरवाले म्हणतात, त्यातच स्पेनही उरकता येईल. यजमानांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालतात, चढ सोसत नाही. आम्ही शाकाहारी, केकमधलं अंडं तेवढं चालवून घेतो. तिथे एप्रिलमध्ये पाऊस असतो का? व्हिसाची तयारी कधी सुरू करावी? आणखी एक, जे घरी कुणाला बोलले नाही. माझे वडील 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीहून गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींत होते. लाठ्या पडल्या, डावा खांदा कायमचा गेला. आमच्या घरात पोर्तुगीज हा शब्द शिवीसारखाच वापरला जायचा. आता वडील नाहीत. त्यांच्या मुलीनं तिकडे हौसेनं फिरायला जावं का, इथेच माझं अडलंय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण तुमच्या सहलीच्या तारखा त्यावरूनच ठरतील.

तुमच्या वडिलांवर लाठ्या चालवल्या त्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं. त्या दिवशी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक जण गेले, तेही त्याच राजवटीत. पण हीच राजवट पोर्तुगालच्या माणसांनाही 48 वर्षं छळत होती. बोललं की तुरुंग, लिहिलं की तुरुंग. ती संपली 25 एप्रिल 1974 ला, सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी रणगाडे लिस्बनच्या रस्त्यावर आणले तेव्हा. त्या सकाळी सेलेस्त काएइरु नावाची एक बाई कामावर गेली. तिच्या रेस्टॉरंटचा पहिला वाढदिवस होता, गिऱ्हाइकांना द्यायला कार्नेशनची फुलं आणून ठेवली होती. गडबडीमुळे मालकानं रेस्टॉरंट उघडलंच नाही, फुलं घरी न्या म्हणाला. वाटेत एका सैनिकानं तिच्याकडे सिगारेट मागितली. सिगारेट नव्हती, म्हणून तिनं फूल दिलं. त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोवलं. मग दुसऱ्यानं मागितलं, तिसऱ्यानं मागितलं. आजही त्या दिवसाला तिथे कार्नेशनचीच क्रांती म्हणतात. त्याच वर्षी, 31 डिसेंबरला, पोर्तुगालनं दिल्लीत करारावर सही करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. 1961 साली आपण गोवा मुक्त केला, पण त्यांच्याकडून हे कबूल व्हायला आधी त्यांची स्वतःची सुटका व्हावी लागली.

म्हणून माझं सांगणं असं, की एप्रिलमध्ये जातच आहात तर 25 तारखेला लिस्बनमध्येच असा.

2024 ला, त्या दिवसाच्या पन्नाशीला, मी आईला घेऊन तिथे होते. दुपारी आव्हेनिदा दा लिबरदाद या रुंद रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आजोबा, कडेवरची पोरं, कॉलेजची मुलं, सगळ्यांच्या हातात लाल फूल. आमच्या शेजारी माझ्या आईच्याच वयाची एक बाई होती. आईच्या हातात फूल नाही म्हटल्यावर तिनं आपल्या फुलाचा देठ अंगठ्यानं मधोमध मोडला, वरचा तुकडा आईच्या पदराला पिनेनं लावला आणि खालचा नुसता देठ स्वतःच्या हातात धरून उभी राहिली. त्या फुलाला पोर्तुगीजमध्ये क्राव्हु म्हणतात. लवंगेलाही क्राव्हुच म्हणतात, फक्त पुढे 'भारताचं' असं जोडतात. ते मला संध्याकाळी कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, तरीच मघापासून वास ओळखीचा वाटतोय.

दुसरी जागा पेनिश. लिस्बनहून बसनं साधारण दीड तास. तिथवर रेल्वे नाही. समुद्रात घुसलेल्या खडकावर किल्ला आहे आणि सालाझारच्या काळात तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, एप्रिल 2024 मध्ये उघडलेलं. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे जनक मानले जाणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना 1946 साली शिक्षा ठोठावून याच किल्ल्यात आणून ठेवलं होतं. कैद्यांना घरचे भेटायला येत ती खोली तिथे जपून ठेवलीय. मध्ये काच, अलीकडे घरचे, पलीकडे कैदी. आई त्या काचेपाशी इतका वेळ थांबली की शेवटी मी तिला बाहेरच्या बाकावर बसवून पाणी दिलं.

लिस्बनहून कश्काइशला जाणाऱ्या लोकलनं नदीच्या कडेनं निघालात की काशियाश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या तुरुंगात आपल्या सांगलीचे मोहन रानडे होते. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेलेला हा माणूस 1955 ला पकडला गेला. गोवा 1961 ला मुक्त झाला, तरी त्यांना सोडलं 1969 च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती खटपट केली, हे तुमच्या वडिलांनी तुम्हाला नक्की सांगितलं असेल. तो तुरुंग बघायला खुला नाही, उतरू नका. पण गाडी तिथे थांबेल तेव्हा खिडकीपाशी असा.

तेव्हा, ताई, जा. आणि वडिलांचा एखादा फोटो बरोबर घ्या.

आता स्पेनचं. माझं सरळ उत्तर नाही असं आहे. नकाशावर दोन्ही देश खेटून दिसतात, पण लिस्बन ते माद्रिद थेट रेल्वे नाही. रात्रीची गाडी होती, ती 2020 ला बंद झाली. गाड्या बदलत गेलात तर अख्खा दिवस जातो. बारा दिवसांतले दोन असे जाणार आणि यजमानांचा गुडघा बसमध्ये आखडून बसणार. तेवढ्यासाठी स्पेन बघितलं म्हणण्यात काही अर्थ नाही.

मी असं करीन : साधारण 16-17 एप्रिलला पोर्तोत उतरायचं, चार रात्री तिथे. मग रेल्वेनं लिस्बन, सात रात्री, आणि परतीचं विमान लिस्बनहूनच. भारतातून थेट विमान नाही; दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात बदलावं लागतं, त्यामुळे जाण्याचं गाव एक आणि परतीचं दुसरं असलं तरी फारसा फरक पडत नाही. ईस्टरच्या आठवड्यात सगळं भरलेलं असतं. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध त्यातून मोकळा.

पोर्तो ते लिस्बन सुमारे तीन तास. तिकिटं रेल्वेच्या साइटवर साधारण दोन महिने आधी खुली होतात आणि लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. शिवाय पासष्टीच्या पुढच्यांना तिथे निम्मं भाडं आहे, परदेशी पाहुण्यांनाही. यजमानांचा पासपोर्ट हाताशी ठेवा, तपासनीस बघतो.

पोर्तोत एक दिवस नक्की राखायचा तो दोरू नदीच्या रेल्वेसाठी. सकाळी सांव बेंतु स्टेशनवर जा. गाडीच्या वेळेआधी पाऊण तास जा, कारण त्या स्टेशनच्या भिंतीच बघण्यासारख्या आहेत, सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं. पिन्यांवपर्यंतचं तिकीट घ्या आणि उजवीकडे बसा. पहिला तासभर विशेष काही नाही, डुलकी काढा. मग एकदम नदी खिडकीला येऊन भिडते आणि पिन्यांवपर्यंत सोडत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर तळापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांचे, प्रत्येक पायरीवर द्राक्षवेली. एप्रिलमध्ये त्यांना नुकती पालवी फुटलेली असते. नाशिकला छाटणीनंतर जो पोपटी रंग दिसतो तोच, फक्त इथे तो उभ्या चढावर. एकही पायरी न चढता दिवस सार्थकी लागतो.

पाऊस असतो. आपल्यासारखा धो धो नाही. येतो, अर्धा तास पडतो, जातो. पोर्तोत जास्त, लिस्बनला कमी. लिस्बनला एप्रिलमध्ये दुपारी विसाच्या आसपास, रात्री बारापर्यंत उतरतं. वारा मात्र झोंबतो, कानटोपी घ्या. सूर्य सव्वाआठच्या पुढे मावळतो, म्हणून दुपारी हॉटेलवर येऊन तासभर पाय वर करून पडलात तरी दिवस हातचा जात नाही. समुद्रात डुंबण्याचा विचार असेल तर सोडून द्या. अटलांटिकचं पाणी तेव्हा बर्फासारखं गार असतं. म्हणूनच दक्षिणेचा आल्गार्व्हचा किनारा मी तुमच्या बेतात धरलेला नाही.

पावसापेक्षा जपायचं ते फरसबंदीला. तिथले फुटपाथ चुनखडीच्या छोट्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, शंभर-शंभर वर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले. दिसतात देखणे. पण ओले झाले की शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या. लिस्बनच्या जुन्या आल्फामा भागातल्या उतारावर नुकती सर येऊन गेली होती, आई तिच्या नेहमीच्या चामडी चपलांत होती, आणि माझा हात सुटला तेवढ्यात ती बसलीच. नशीब, मनगटावर निभावलं. चूक माझी होती. बूट घ्यायचं मी 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून टाळलं होतं. तुम्ही दोघांनी रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट इथेच घ्या, महिनाभर रोज रंकाळ्याला फेरी मारून ते पायात रुळवा आणि मगच न्या. यजमानांना घडीची काठी घ्या, ती ते वापरणार नाही म्हणाले तरी.

लिस्बनमध्ये खोली घ्यायची ती बायशा भागात. 1755 च्या भूकंपात तो भाग पार कोसळला आणि राजाचा मंत्री मार्केश द पोम्बाल यानं तो सपाटीवर, सरळ रेघांत नव्यानं वसवला. डोंगराळ लिस्बनमधली गुडघ्याला मानवणारी ही जागा. किल्ल्याच्या टेकडीवर जायला इथल्याच रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत फुकट सार्वजनिक लिफ्ट आहे. वर पोचून थोडं चाललं की दुसरी. अर्धी टेकडी बसल्याजागी संपते. 28 नंबरची ट्राम सगळ्यांना हवी असते आणि खिसेकापूंनाही. सकाळी आठच्या आत मार्तीं मुनीश थांब्यावर गेलात तर खिडकी मिळेल. लिस्बनजवळच्या सिन्त्राला पेनाचा रंगीत राजवाडा चढावर आहे, तो सोडा. गावातलाच जुना राजवाडा बघा, दोन प्रचंड शंकूसारख्या धुरांड्यांचा. कोइंब्राचं विद्यापीठही टेकडीच्या टोकावर आहे. मला अतिशय आवडतं, तरी तुम्हाला नको म्हणते.

हॉटेलच्या बिलावर लिस्बनमध्ये माणशी दर रात्री 4 युरो पालिकेचा कर वेगळा लागतो. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

खाण्याचं. उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. 'सें कार्न, सें पेइश' म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करा. काल्दु व्हेर्द नावाचं बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. न टाकता मागा. टेबलावर बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, पैसे लागत नाहीत. प्रसिद्ध पाश्तेल द नाता अंड्याच्या बलकाचं असतं, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. वरणभाताची आठवण आली तर लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. बहुतेक मंडळी गुजराती, मोझांबिक आणि दीवहून आलेली. बाजारात मात्र तुम्हाला दुभाषी लागणार नाही. बटाट्याला बताता, अननसाला अननश, कोबीला कोव्ह, पावाला पांव. हॉटेलवाला शाव्ह म्हणून हातात देईल ती आपली चावी.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून एप्रिलसाठी डिसेंबरातच नंबर लावा. फी 90 युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांतच काढलेला असावा. पेन्शनचं बँक स्टेटमेंट आणि आयकराची विवरणपत्रं जोडा. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय, रांग लांबते. युरोपातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलणार असाल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

परत आल्यावर पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाला जाणार असाल तर मला जरूर कळवा. कोल्हापूरहून तुमच्याबरोबर मी येईन, आईलाही आणीन. ते वाळलेलं फूल तिनं जपून ठेवलंय.