गॅलिसियात कोकणासारखा पाऊस पडतो, तरी तिथे वाइनची द्राक्षं होतात. मग रत्नागिरीत का होत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियात धो धो पाऊस, समोर समुद्र, सगळीकडे हिरवंगार, आणि तरी तिथली पांढरी वाइन जगभर विकली जाते. मग राजापूरच्या तुमच्या जमिनीत द्राक्षं लावायला काय हरकत आहे?

माझं माहेर निफाडकडचं, बागायतदारांचं, आणि सध्या मी गॅलिसियातल्या विगोला राहते, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करते. हरकत आहे, आणि मोठी आहे. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कधी पडतो, हे वेलीला जास्त महत्त्वाचं असतं.

तुम्ही म्हणता तो भाग रिआस बायशास. पोन्तेवेद्रा प्रांतात, समुद्र जिथे नद्यांच्या खोऱ्यांत आत घुसलाय, त्या खाड्यांच्या काठाने हा पट्टा पसरलेला आहे. इथे वर्षाला साधारण 1600 मिलिमीटर पाऊस होतो. युरोपातल्या द्राक्षांच्या मानाने हा आकडा भयंकर आहे. नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त. पण यातला बराचसा पाऊस ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडतो, तेव्हा वेल पानं गाळून झोपलेली असते. जुलैत विगोला जेमतेम 40 मिलिमीटर. रत्नागिरीचं गणित नेमकं उलटं: वर्षाला 3000 च्या वर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, ऐन उकाड्यात.

उन्हाळा कोरडा का, तर अटलांटिकवरचा अझोर्सचा जास्त दाबाचा पट्टा तेव्हा वर सरकतो आणि वादळं उत्तरेकडे ढकलतो. त्याच काळात किनाऱ्याला समांतर उत्तरेचा वारा सुटतो. हा वारा वरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतो आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. ऑगस्टमध्येसुद्धा इथे पोहायला उतरलं की दात वाजतात. याच पाण्यावर खाड्यांतल्या तराफ्यांना लटकणारे शिंपले पोसतात, आणि याच पाण्यामुळे किनाऱ्यावरची दुपार क्वचितच तिशीच्या पुढे जाते. द्राक्ष सावकाश पिकतं, मण्यातलं आम्ल जळून जात नाही. नाशिकला मार्चमध्ये साखर झपाझप चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, त्याची चिंता इथल्या बागायतदाराला फारशी नसते. त्याची चिंता वेगळी: सप्टेंबरच्या काढणीआधी शरदातला पहिला पाऊस तर येणार नाही ना?

आता थंडी. इथे बर्फ क्वचित पडतं, पण हिवाळा वेलीला झोपवण्याइतका गार असतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तर नाशिकला एप्रिलमध्ये काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठी फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून आपण तिला वर्षाची घडी बसवून देतो. हे जमतं, कारण ऑक्टोबरनंतर तिथे हवा कोरडी आणि रात्री गार असतात. कोकणात फळछाटणी करायची म्हटली तरी आधीचे चार महिने पानं ओली राहून डाऊनी या बुरशीजन्य रोगाने झडलेली असतील, काडी पिकलेली नसेल, मग घड कशाच्या जोरावर धरणार? त्यात हिवाळ्यातही हवेत दमटपणा. परसात हौसेने एखादी वेल लावा, पण पैसे गुंतवून बाग नको.

डाऊनी इथेही आहे बरं का. युरोपातल्या बागायतदारांचा एक जुना ठोकताळा आहे: तापमान 10 अंश, पाऊस 10 मिलिमीटर आणि कोवळी फूट 10 सेंटिमीटर, या तिन्ही गोष्टी जुळल्या की डाऊनी आलीच समजायची. इथल्या मे-जूनमध्ये हे सहज जुळतं. त्यामुळे फवारण्या बऱ्याच कराव्या लागतात. 'समुद्राच्या वाऱ्याने सगळं निरोगी राहतं' हे बाटलीमागचं वर्णन फार मनावर घेऊ नका. फवारणीत तांबं असतंच. तुमच्याकडे सुपारीवर कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात ना? तेही अटलांटिककाठच्याच बोर्दोच्या बागांतून आलंय. रस्त्याकडेची द्राक्षं कोणी चोरू नयेत म्हणून तिथे वेलींवर असलं काहीतरी निळं फासत, आणि मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं टिकली आहेत. 1885 मध्ये त्याने ते जाहीर केलं.

रोगावरचा खरा जुना उपाय म्हणजे मांडव. ग्रॅनाइटचे दगडी खांब, वर तारा, डोक्याच्या उंचीवर घड, आणि खालून वारा खेळता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला निफाडच्या जुन्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागाच आठवल्या. गंमत म्हणजे नाशिकला वाइनच्या द्राक्षांसाठी मांडव सोडून बुटक्या तारांवर वेली घेतात, आणि इथे वाइनसाठीच मांडव. जमीनही ग्रॅनाइट झिजून झालेली, वाळूसारखी आणि आम्लधर्मी. पाणी मुळाशी साचत नाही. इतक्या पावसात हे फार मोलाचं.

जातींत राज्य एकटीचं: अल्बारिन्यो. लागवडीचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा तिचा. मणी लहान, साल जाड, आम्ल भरपूर. दमट हवेत टिकायला जाड साल बरी पडते. मध्ययुगात फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठवासीयांनी ही जात ऱ्हाइनकाठाहून आणली, असं इथे अजून ऐकवतात. डीएनए तपासणीत त्याला काही आधार मिळालेला नाही. ती याच कोपऱ्यातली आहे. ऑस्ट्रेलियात तर स्पेनहून आलेली कलमं अल्बारिन्यो म्हणून लावली, वाइन विकली, आणि 2009 च्या सुमारास कळलं की ती साव्हान्यां नावाची भलतीच जात आहे.

बाकीच्या जाती दक्षिणेकडे भेटतात. साल्नेसचं खोरं समुद्राला अगदी लागून, सगळ्यांत गार आणि ओलं. तिथे जवळपास निव्वळ अल्बारिन्यो आणि सगळ्यांत धारदार वाइन. मिन्यो नदीकाठच्या ओ रोसालमध्ये लोउरेइराचा सुगंध आणि काइन्यो ब्लांकोचा आंबटपणा मिसळतात. आत, उबदार कोन्दादो दो तेआमध्ये त्रेइशादुरा जोडीला घेतात आणि वाइन गोलसर होते. लाल द्राक्षंही आहेत, सोउसोन, एस्पादेइरो वगैरे, पण थोडीच. ती वाइन इतकी आंबट की नवख्याला झेपत नाही. मला आवडते, तळलेल्या बांगड्याबरोबर विशेष.

प्यायची असेल तर लेबलवर साल्नेस लिहिलेली बाटली शोधा. 'ताजी असतानाच संपवा' हा सल्ला साध्या बाटल्यांना लागू. आंबवताना तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर बरेच महिने ठेवलेली चांगली अल्बारिन्यो पाच-सात वर्षं आरामात टिकते आणि माझ्या मते तेव्हाच खरी लागते.